कूलरमधलं बिऱ्हाड

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक पांढरा डोळा बसवलेला आहे. लिंबाएवढा असेल. त्याच्या खाली बारीक निळा दिवा लागला की समजायचं, पुण्याहून ऋतुराज बघतोय. ऋतुराज माझा एकुलता एक मुलगा. तो नुसता बघत नाही, त्या डोळ्यातून बोलतोही. मी आपली मेथी निवडत बसलेली असते आणि एकदम भिंतीतून आवाज येतो, "आई, बीपीची गोळी घेतलीस का?" सुरुवातीला दचकून माझ्या हातातलं ताट पडायचं. आता मेथीतून मान वर न करता सांगते, "घेतली रे बाबा, घेतली."

गेल्या दिवाळीनंतर मला मोरीत चक्कर आली होती. शेजारची निंगव्वा विरजण मागायला आली म्हणून कुणाला तरी कळलं, नाहीतर पडून राहिले असते तशीच. ऋतुराज धावत आला, डॉक्टर झाले, भिंतीला भोक पाडून हा डोळा लावला आणि दुसऱ्या दिवशी गेला. जाताना म्हणाला, "आता मला काळजी नाही." त्याची काळजी मिटली हे खरं. माझं काय मिटलं ते मला अजून कळलेलं नाही. कपडे बदलायचे असले की मी डोळ्यावर टॉवेल टाकते. टॉवेल जास्त वेळ राहिला की फोन वाजतो.

माझी जीभ जरा तिखट आहे. शुक्रवार पेठेत कुणालाही विचारा, शालनबाईंचं नाव काढलं की आधी हेच सांगतील. मालक, म्हणजे माझा नवरा, म्हणायचे, आमच्या घरात भाजीत मिरची कमी घातली तरी चालतं. मालक गिरणीत फिटर होते. त्यांना जाऊन दोन उन्हाळे झाले.

डोळ्याच्या बरोबर समोर माझा दिवाण, आणि दिवाणामागं परसाकडची खिडकी. त्या खिडकीला बाहेरून लोखंडी कूलर लावलेला आहे. त्याचा स्टँड मालकांनी स्वतः वेल्डिंग करून घेतला होता. होळी झाली की ते लुंगी खोचून परसात उतरायचे, कूलरच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्या काढायचे, जुनं गवत झटकून नवं भरायचे. मग पहिल्यांदा बटण दाबलं की ओल्या गवताचा वास घरभर पसरायचा. मालक गेले तो पहिला उन्हाळा मी जुन्याच गवतावर काढला. यंदा परसाकडची जाळी एका अंगानं सुटून लोंबायला लागली होती. होळी झाली, पाडवा झाला, माणूस बोलवायचं मी आज करू उद्या करू म्हणत राहिले. तेवढ्यात त्या फटीतून बिऱ्हाड आत आलं.

मला ते कळलं असं. दुपारी दिवाणावर पडले होते, तर कूलरच्या तोंडाला ज्या आडव्या पट्ट्या असतात त्यांच्या आडून कुणीतरी माझ्याकडं बघतंय असं वाटलं. घरात आधीच एक डोळा होता, आता हा दुसरा कुठला, म्हणून उठले आणि पट्ट्यांना तोंड लावून आत पाहिलं. पंख्याच्या पात्यांमागं, मोटर बसवलेल्या लोखंडी पट्टीवर होला बसला होता. वळसंगला, माझ्या माहेरी, त्याला व्हला म्हणतात. कबुतराच्या जातीतलाच, पण अंगानं बारका, तांबूस, गळ्याशी काळे ठिपके, आणि ओरडणं असं की कुणी पोटातल्या पोटात हसतंय.

घरटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. खराट्याच्या काड्या, कुठल्या तरी मांडवाची सुतळी आणि तारेचा एक तुकडा. फुंकर मारली तर उडेल.

"अगं बाई," मी म्हटलं, "पोरं ठेवायची हायत का वाळवण घालायचंय ह्याच्यावर?"

होली, मादीच असणार ती, मान तिरकी करून बघायला लागली. उडाली मात्र नाही.

तिला उठवणं सोपं होतं. बटण दाबलं असतं की पंखा फिरला असता. माझा हात बटणापर्यंत गेलाही होता. पण त्या दिवशी सकाळपासून, दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हटलं ते सोडलं तर, मी कुणाशी बोलले नव्हते. तिला विचारलं तेच दिवसातलं माझं पहिलं धड वाक्य होतं. हात मागं घेतला.

चार दिवसांनी ती जरा बाजूला सरकली तेव्हा खाली दोन अंडी दिसली. पांढरीशुभ्र, पेढ्याहून लहान. मी कुणालाही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते आधी सांगते.

ऋतुराजला पाखरं चालत नाहीत. लहानपणी असा नव्हता. ह्याच परसात त्यानं शेवग्याखाली पडलेलं पोपटाचं पिल्लू बुटाच्या खोक्यात ठेवलं होतं आणि ते मेलं तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता. पण पुण्यात त्यांच्या बाल्कनीत कबुतरं आली आणि सिद्धीला खोकला धरला. सिद्धी म्हणजे सिद्धेश्वरी, माझी नात, अजून नीट बोलायलाही लागली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, ही कबुतरांच्या घाणीची बाधा. सूनबाईनं, रेश्मानं, त्याच दिवशी बाल्कनीला जाळी मारून घेतली. तेव्हापासून पाखरू म्हटलं की ऋतुराज आधी सॅनिटायझर शोधतो.

आणि मे महिन्यात ते तिघं सोलापूरला यायचे होते. सिद्धी चालायला लागल्यापासून ह्या घरात आलेली नाही. तिनं हॉलभर दुडदुडावं, परसात पाण्याच्या टपात बसून खेळावं, एवढंच मी पाडव्यापासून डोक्यात घोळवत होते. ऋतुराजनं एकच अट घातली होती, "आई, कूलर तेवढा नीट करून ठेव. तिला ऊन सोसत नाही." आता त्याच कूलरमध्ये पाखरू बसलंय म्हटल्यावर तो पोरीला आणेल का? उलट त्याच दिवशी माणूस पाठवून सगळं साफ करायला लावेल.

मग मी आपला हिशेब घातला. पाखरं काही जन्मभर राहायला आलेली नाहीत. अंडी फुटतील, पिल्लं उडतील, मग कूलर फिनेल टाकून धुऊन घेईन, नवं गवत भरीन, आणि मे महिन्यात सिद्धी गार वाऱ्यात झोपेल. कुणाला काही कळायचं कारण नाही. फक्त तोवर कूलर लावायचा नाही.

सोलापूरच्या एप्रिलमध्ये कूलर लावायचा नाही म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. दुपारी भिंतीला पाठ टेकली तर पाठ भाजते. वरचा पंखा स्लॅबची वाफ खाली ढकलतो, बाकी काही करत नाही. मी ओला पंचा मानेला गुंडाळायची, परकराच्या कडेनं तोंड पुसायची आणि पट्ट्यांसमोर जाऊन बसायची. समोर होली तोंड उघडं ठेवून धापा टाकायची. इकडं मी, तिकडं ती. बटण आम्हा दोघींच्या मधे होतं आणि दोघीही तशाच बसून होतो.

निळा दिवा लागायचा.

"आई, घामानं डबडबलीयस. कूलर का लावला नाहीस?"

"बिघडलाय."

"कधी?"

"झालं की चार दिवस."

"मग माणूस बोलव ना. नाहीतर मी इथून पाठवतो एखादा."

"तू कशाला पाठवतोस? सोलापुरात काय माणसं न्हाईत व्हय? मी बघते माझं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी चिडले. "ऋतू, मी काय टीव्हीतली मालिका हाय का रे? ऑफिसात काम करतोस का मला बघत बसतोस?" निळा दिवा बराच वेळ तसाच राहिला आणि मग गेला.

त्या दिवसांत मला एक कळलं, ते म्हणजे अंड्यांवर नुसती बाईच बसत नाही. सकाळी ऊन वर आलं की नवरा येतो, भिंतीवर उतरतो, मान खाली-वर करतो, आणि फटीतून आत शिरतो. ती उठते, तो बसतो, दुपारभर. संध्याकाळी ती परत येते. मला ह्याचं इतकं नवल वाटलं की मालकांच्या फोटोपुढं उदबत्ती लावताना मी त्यांना ऐकवलंच, "बघा, शिका जरा." ऋतुराज तान्हा असताना ह्या माणसानं त्याला उचललं ते एकदाच, नाव ठेवायला आलेल्या पाहुण्यांनी फोटो काढला तेव्हा.

माझा दिवस त्यांच्या वेळेवर चालायला लागला. मिरचीची फोडणी द्यायची तर खिडकीची काच ओढून घ्यायची. टीव्ही हळू. मिक्सर त्या बाईंची आणि नवऱ्याची पाळी बदलत असेल तेवढ्यात. जेवायला मी ताट घेऊन पट्ट्यांसमोर बसायची आणि बोलायची. काय वाटेल ते. नळ कधी येणार, शेंगाची चटणी कशी खवट निघाली, निंगव्वाच्या सुनेनं काय तोंड केलं. होली ऐकून घ्यायची. मला एकटीला करमत नाही, हे मी कुणाला सांगत नाही. विचारलं तर म्हणते, मला कामातून वेळ कुठाय. पण करमत नाही. दुपार अंगावर येते. आणि त्या दिवसांत ती अंगावर येत नव्हती, एवढं मी शपथेवर सांगेन.

पिल्लं निघाली ती नेमकी नळाच्या दिवशी. आमच्याकडं नळ रोज येत नाही, येतो त्या दिवशी सगळी गल्ली पहाटेपासून कामाला लागलेली असते. मी पाइप बॅरलमध्ये सोडला आणि वळले तर कूलरखाली अंड्याचं अर्धं टरफल पडलेलं. आत धावले, पट्ट्यांना तोंड लावलं. होलीच्या पोटाखालून एक पिवळट केसाळ चिंधी हलत होती. थोड्या वेळानं दुसरी. डोळे मिटलेले, मान धरवत नाही, आणि चोच मात्र अंगाच्या मानानं ही एवढी. इतकं कुरूप लेकरू मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिथंच बसून मी रडले आणि हसले.

बाहेरून निंगव्वा ओरडायला लागली. बॅरल भरून पाणी परसातून गटारात चाललं होतं. शुक्रवार पेठेत नळाचं पाणी वाया घालवणं म्हणजे काय गुन्हा, ते विचारू नका.

"अय्यो शालनअक्का! पाणी सगळं चाललं की! झोपलीस काय?"

"विसरले गं."

"तू? तू विसरलीस?" निंगव्वा अक्कलकोटकडची. घरी कन्नड बोलते, माझ्याशी मराठी. मायाळू आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही. शिवाय ऋतुराजकडं तिचा नंबर आहे. मी फोन उचलला नाही की तो तिला लावतो. म्हणून तिलाही मी काही सांगितलं नाही. कोपर भिंतीला टेकून तिच्या शिव्या ऐकून घेतल्या, आणि हसू दाबलं.

पुढचे दिवस कसे गेले मला कळलं नाही. आईच्या चोचीत चोच घालून पिल्लं काहीतरी प्यायची. अंगावर आधी काटे आले, मग काट्यांची पिसं झाली. मोठं होतं ते दांडगट, धाकट्याला मागं ढकलायचं. धाकट्यासाठी माझा जीव तुटायचा. "सर की मेल्या, खाऊ दे त्याला," मी इकडून दम द्यायची. मग दोघं पंख पसरून झटकायला लागली, त्या पट्टीवर मावेनात. आज ना उद्या उडणार हे दिसत होतं. मी मनात माणूस बोलवायचा वार ठरवून टाकला. सगळं माझ्या हिशेबाप्रमाणं चाललं होतं.

अशात वळसंगहून बोलावणं आलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या नातीचं बारसं. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. ऋतुराजला मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "उद्या मी घरात न्हाई, डोळा लावून बसू नको." सकाळच्या गाडीनं निघताना पट्ट्यांशी वाकून म्हटलं, "संध्याकाळपर्यंत येते. गडबड करू नका." किल्ली नेहमीसारखी निंगव्वाकडं दिली.

बारशात बायका पाळणा म्हणत होत्या. मी बहिणीच्या कानात सांगितलं, "माझ्याकडंबी दोन पिल्लं हायत." ती म्हणाली, "मांजरीची काय गं?" मी म्हटलं, "न्हाय, व्हल्याची. कूलरात." महिन्याभरात मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते, आणि मला इतका आनंद झाला की पाळणा पुरा व्हायच्या आत निघाले. घुगऱ्या पिशवीत बांधून घेतल्या.

गल्लीत वळले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. कूलरचा आवाज येत होता. ओळखीचा आवाज, घरघरीच्या मधे एक बारीक किरकिर. कुणाचा तरी आपल्यासारखाच दिसतोय, असं मनात आलं, आणि मी भराभर चालायला लागले. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं आणि गार वारा अंगावर आला. नव्या ओल्या गवताचा वास. खोटं कशाला सांगू, आधी अंगाला बरं वाटलं. दोन वर्षांनी तो वास आला होता. क्षणभर वाटलं, मालकच परसातून पाय पुसत आत येतील.

मग मला कळलं की पंखा फिरतोय.

मी धावत जाऊन बटण बंद करणार तेवढ्यात भिंतीतून आवाज आला.

"आई! सरप्राइज!"

निळा दिवा लागलेला. तो माझी वाट बघत बसला होता.

"कसं वाटतंय? तू असतीस तर माणसाला दारातून हाकललं असतंस, मला माहितेय. म्हणून तू नसतानाच काम उरकलं. निंगव्वाकाकूंना सांगून दार उघडलं, मी इथून सगळं करून घेतलं त्याच्याकडून. मोटर अगदी बरी होती गं, नुसतं गवत सडलं होतं. आणि आत कबुतरांनी घाण करून ठेवली होती, पिल्लं होती म्हणे. ती काढायला लावली बाहेर. सगळं डेटॉलनं धुऊन घेतलंय."

माझ्या तोंडात शब्द आला होता. सांगण्यासारखा नाही. पण तो थांबतच नव्हता.

"आई, खरं सांगू का, महिनाभर तुला त्या ओल्या पंचात बघतोय. इकडं एसीत बसून माझा घास उतरत नव्हता. मीटिंगमध्ये फोन टेबलाखाली धरून तुला बघायचो. तू नुसती त्या बंद कूलरसमोर जाऊन बसायचीस. म्हटलं, आता बास."

मी उभी होते तशीच दिवाणावर बसले. मी पट्ट्यांतून तिकडं बघत होते, तेव्हा हा तिकडून मला बघत होता, आणि दोघांनाही काही करता येत नव्हतं. त्याला करता आलं तेव्हा त्यानं ते केलं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि डेटॉल दोनदा फिरवलं असतं.

"आजी, गाल वाला?" सिद्धीचा आवाज आला.

"व्हय गं माझी बाई," मी म्हटलं. "लई गार."

"आणि आई," ऋतुराजचा आवाज जरा खाली आला, "मे महिन्यात आमचं जमेल असं दिसत नाही. रेश्माला सुटी नाही मिळाली. आणि ह्या उन्हात सिद्धीला... दिवाळीत बघू. म्हटलं निदान तुझी तरी सोय व्हावी."

"बरं," मी म्हटलं.

"रागावलीस?"

"न्हाय रे. बरं केलंस. वारं लई छान येतंय."

आयुष्यात पहिल्यांदा मी तोंडाशी आलेलं असं गिळलं असेन. निळा दिवा जाईपर्यंत मी त्या वाऱ्यात बसून राहिले, त्याचं समाधान व्हावं म्हणून.

मग परसात गेले. धुण्याच्या दगडावर प्लास्टिकचं झाकण होतं आणि त्यात त्या खराट्याच्या काड्या, सुतळी, तार. बाकी काही नव्हतं. निंगव्वा भिंतीपलीकडून बघत होती.

"तो अजिनाथ मेकॅनिक चांगला माणूस होता अक्का," ती म्हणाली. "कॅमेऱ्याला म्हटला, साहेब, हितं व्हल्याची पिल्लं हायत, चार दिवस थांबू काय. तुझा लेक म्हटला, न्हाई, आईला लई त्रास होतोय, बाहेर सावलीत ठेवा. तो ठेवला शेवग्याखाली. नीट ठेवला. मग मांजर आलं. मी काठी घेऊन येईपर्यंत..." तिनं पदर तोंडाला लावला. "एक उडायला बघितलं. भिंतीपर्यंतबी गेलं न्हाई."

"कुठलं? मोठं का बारकं?"

"मला काय ठाऊक अक्का? तुला ठाऊक होतं व्हय, आत पिल्लं हायत म्हणून?"

मी मान हलवली. तिनं कपाळाला हात लावला. "मग मला सांगायचं न्हाई? मी त्याला आत पाय ठेवू दिला असता काय?"

भिंतीच्या टोकाला होली बसली होती. ती उडून कूलरवर आली, नवं गवत घातलेल्या जाळीवरून इकडून तिकडं चालली, फट होती तिथं मान घातल्यासारखं केलं, पुन्हा भिंतीवर गेली. पुन्हा आली. अंधार पडेपर्यंत तिचं तेच चाललं होतं. मी घुगऱ्या दगडावर ठेवल्या. तिनं खाल्ल्या नाहीत, मीही नाही.

पुढचे काही दिवस मी कूलर लावून बसत होते. घर गार होतं. निळा दिवा लागायचा, ऋतुराज म्हणायचा, "आता कसं छान!" आणि खूश होऊन जायचा. आता तो पूर्वीसारखा वरचेवर बघत नव्हता, त्याची काळजी मिटली होती. दिवाणावर पडलं की मागं नुसती मोटरची घरघर. मे महिन्यासाठी सिद्धीला म्हणून आणलेला टप मी माळ्यावर टाकून दिला.

मग एका सकाळी मोरीच्या दारात होला दिसला. चोचीत खराट्याची काडी. माझ्याच खराट्यातून ओढून काढलेली. काडी घेऊन तो कूलरवर गेला, जाळीला धडकला, काडी पडली. खाली उतरून त्यानं ती पुन्हा उचलली. भिंतीवर ती बसली होती, बघत. मी दारात उभी राहून म्हटलं, "अरे, लाज न्हाई का रे तुमास्नी? पुन्हा हितंच?"

मग मी पदर खोचला, कूलरचं बटण बंद केलं, टाकीतलं पाणी बादलीनं काढून शेवग्याला घातलं, आणि परसाकडची जाळी दोन्ही हातांनी उचलून भिंतीला लावून ठेवली. लोखंड जड होतं, बोटाला कापलं. ह्या वेळी पहिल्यांदा निंगव्वाला हाक मारून दाखवलं आणि मांजर फिरकलं तर काठी कुणाची ते ठरवून घेतलं. "आणि ऋतूला एक अक्षर बोललीस तर बघ," असाही दम दिला.

कारण त्याला मी सांगणार नाही. काय सांगू? की बुटाच्या खोक्यातल्या पिल्लासाठी दोन दिवस उपाशी राहणाऱ्या पोरानं काय केलं? पुण्यात बसून तो पुन्हा जेवायचा थांबेल. आणि सांगितलं नाही तर मला घामात बघून पुन्हा माणूस पाठवेल. दोन्ही नको होतं.

काल दुपारी बाहेर नुसती आग होती. होली नव्या काड्यांवर बसली होती. मी वरचा पंखा पाचावर केला, म्हणजे त्याच्या खडखडीत कूलरचा आवाज नाही हे कळत नाही. निळा दिवा लागला. मी हाताशी घेऊन ठेवलेली जाड चादर चटकन खांद्यावरून ओढून घेतली, गळ्यापर्यंत. कॅमेऱ्यात वारा दिसत नाही.

"आई! चादर घेऊन बसलीस?" ऋतुराज हसायला लागला.

"गार लागतंय की रे. तुझा कूलर लई वारं फेकतो."

"मग एकवर कर ना."

"असू दे. बरं वाटतंय."

"बघ, उगाच महिनाभर हाल काढलेस. सिद्धी, बघ, आजीला थंडी वाजतेय."

"आजी, स्वेतल घाल," सिद्धी म्हणाली.

"घालते गं माझी माय," मी म्हटलं आणि चादरीत जरा आणखी आवळून बसले.

निळा दिवा गेला. तरी मी चादर काढली नाही, कधी कधी तो लगेच पुन्हा बघतो. घाम कानामागून पाठीत उतरत होता. मागं पट्ट्यांच्या आड एक काडी सरकली आणि होली पोटातल्या पोटात काहीतरी बोलली.

"बस गं बाई," मी ओठ न हलवता म्हटलं. "मी हाय हितंच."